काच फुटली की फोडली?

मुलांनो, आज एका प्रश्नापासून सुरुवात करू. उत्तर मोठ्याने देऊ नका, मनातल्या मनात द्या. पण खरं द्या.

समजा, तुमच्या हातून चहाची बशी निसटली आणि फरशीवर पडून तिचे तुकडे झाले. आतून आईचा आवाज आला, "काय झालं रे?" तुम्ही काय म्हणाल?

"आई, बशी फुटली."

बरोबर ना? "आई, मी बशी फोडली," असं म्हणणारा मुलगा मला आजवर फारसा भेटलेला नाही. मी स्वतःही तसं म्हणत नव्हतो. 'फुटली' म्हटलं की सगळं कसं सोपं होतं. जणू बशीलाच वाटलं, चला, आज फुटून बघू!

'फुटली' आणि 'फोडली' या दोन शब्दांत एक वेलांटीसुद्धा जास्त नाही. पण या दोन शब्दांमधलं अंतर चालून जायला मला जवळजवळ एक वर्ष लागलं. आणि ते अंतर दाखवलं कुणी? इंग्रजीच्या व्याकरणाने! नका हसू. ऐका तर खरं.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात. काळी जमीन, ज्वारी आणि कापूस. पावसाळ्यात चिखल असा, की एकदा चप्पल रुतली की दिवाळीनंतरच वर यायची! गावात सातवीपर्यंत शाळा होती. १९८१ च्या जूनमध्ये मी पाचवीत गेलो आणि इंग्रजीशी माझी पहिली गाठ पडली. हल्ली मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी असतं, ते २००० सालापासून. आमच्या वेळी ते पाचवीला सुरू व्हायचं.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकलेले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं, त्याच्या आधीची ती गोष्ट. त्यांना शाळेत उर्दू होती. माझं इंग्रजीचं पुस्तक हातात घेऊन ते म्हणाले, "आमाला उर्दू, तुला इंग्रजी. परकी भाषा काही कुणाला चुकली न्हाई बाबा. फकस्त तिला भिऊ नकोस."

पण मी भ्यायलो. शाळेतल्या भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. गो-वेंट-गॉन, कम-केम-कम, ईट-एट-ईटन. पाढे म्हणावेत तसा तो आम्ही रोज एका सुरात म्हणायचो. म्हणताना मजा यायची. पण त्याचं करायचं काय, ते कळत नसे. वाक्य करायला सांगितलं की मी बेधडक लिहायचो, 'आय अ‍ॅम गो टू स्कूल.' वहीत लाल फुली यायची. फुली का आली, ते मला कळत नव्हतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.

माझ्या शेजारी माझा एक मित्र बसायचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते सांगायचा हक्क त्याचा आहे. त्याचे वडील एका शेतकऱ्याकडे सालगडी होते. मित्र गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. मी बोटं मोजेपर्यंत त्याचं उत्तर पाटीवर असायचं.

आम्ही सातवीत गेलो. त्या काळी सातवीला स्कॉलरशिपची परीक्षा असे. गुरुजींनी सहा पोरं निवडली. आम्ही रात्री जेवून, घोंगडी बगलेत मारून शाळेत जायचो, अभ्यास करायचो आणि तिथेच झोपायचो. येलदरीच्या धरणावर वीज तयार व्हायची खरी. पण शाळेतला दिवा रात्री लागेलच याची खात्री नसे. म्हणून गुरुजींनी एक गॅसबत्ती आणली होती. तिच्यात हवा भरली की ती सूं-सूं करत पेटायची आणि आख्खा वर्ग दुधासारखा उजळायचा. बत्ती पेटवायची आणि विझवायची पाळी रोज एकेकाची असे.

त्या रात्री पाळी माझ्या मित्राची होती. गुरुजी घरी गेले होते. बाकीची पोरं झोपली होती. मित्र कोपऱ्यात घोंगडी पसरत होता. मी माठातलं पाणी प्यायलो आणि मला एक खोडी सुचली. ओल्या बोटाने मी बत्तीच्या काचेवर पाण्याचा थेंब उडवला. चर्र आवाज झाला आणि थेंब गडप! मला गंमत वाटली. आणखी एक थेंब. चर्र! मग मी चांगली ओंजळभर पाण्यात बुडवलेली बोटं झटकली.

टच्च! काच तडकली आणि तिचा एक तुकडा खाली पडला.

मी बत्ती विझवली आणि गुपचूप घोंगडीत शिरलो.

सकाळी गुरुजी आले. आम्हा सहाजणांना ओळीत उभं केलं. "काच कशी काय फुटली?" त्यांनी विचारलं. ते आधी माझ्याकडे बघत होते, कारण मी ओळीत पहिला होतो. मी म्हणालो, "फुटली गुरुजी."

"आपोआप?"

मी मान खाली घातली. आता बघा हं, मी खोटं बोललो का? काच फुटली होती, हे तर खरंच होतं! शब्द खरा होता. पण मी जे झाकलं, ते त्या शब्दाच्या आड नीट मावलं.

गुरुजींनी विचारलं, "काल पाळी कुणाची होती?" सगळ्यांच्या माना मित्राकडे वळल्या. तो काही बोलला नाही. काच भरून द्यायचं त्याच्यावर आलं.

दोन दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी घडी केलेल्या नोटा काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि नमस्कार करून गेले. रागावले नाहीत, काही नाही. पण त्या दिवसापासून मित्राचं रात्रीचं शाळेत येणं बंद झालं. वडील म्हणाले, शाळेत झोपून पोरगं नुकसान करतंय, त्यापेक्षा आखाड्यावर राखणीला राहील. आमच्या भागात शेतातल्या गोठ्याला आखाडा म्हणतात.

परीक्षेला आम्ही पाचजण गेलो. यादीत माझं नाव आलं. सातवीनंतर मित्राने शाळाच सोडली. मी जिंतूरला हायस्कुलात गेलो. वर्गात माझ्या शेजारी दुसराच मुलगा बसला होता.

आठवीला आम्हाला इंग्रजी शिकवायला एक सर होते. सडपातळ, पांढरा सदरा, बाहीला कायम खडूची पूड. पहिल्याच तासाला त्यांनी एका मुलाला विचारलं, "काय करायलास रे?"

तो दचकून म्हणाला, "सर, लिहायलो."

सगळा वर्ग हसला. शाळेत 'लिहायलो' म्हणायचं नसतं, 'लिहीत आहे' म्हणायचं असतं, असं आम्हाला वाटायचं. सर मात्र खूश झाले. म्हणाले, "हसू नका. ह्यानं आत्ता अख्खा धडा सांगितला. बरं, 'मी लिहितो' आणि 'मी लिहायलो' यात फरक काय?"

मी हात वर केला. "सर, लिहितो म्हणजे रोजचं. लिहायलो म्हणजे आत्ता, या घडीला."

"शाब्बास! तोच फरक 'आय राइट' आणि 'आय अ‍ॅम रायटिंग' यात आहे. आता पुस्तकी मराठी बघा. 'मी लिहीत आहे.' यात दोन तुकडे आहेत. 'लिहीत' हे मुख्य काम. 'आहे' हा मदतनीस. रायटिंग म्हणजे लिहीत, अ‍ॅम म्हणजे आहे. या मदतनिसाला म्हणतात हेल्पिंग व्हर्ब, सहायक क्रियापद. नुसतं 'आय अ‍ॅम गो' म्हणाल तर त्याचा अर्थ होईल, 'मी जा आहे'!"

वर्ग पुन्हा हसला. या खेपेला मीही हसलो, पण स्वतःलाच. तीन वर्षं माझ्या वहीत येणाऱ्या लाल फुलीचं कारण मला एका मिनिटात कळलं होतं. आणि ते कळलं कशामुळे? घरी मायशी बोलतो त्या बोलीमुळे!

मग सरांनी क्रियापदांचे प्रकार एकेक करून आमच्या घरातूनच शोधून दिले. तुम्हीही शोधून बघा.

पहिला प्रकार, काम दाखवणारी क्रियापदं. रन, ईट, राइट. पळणे, खाणे, लिहिणे. हे सोपं.

दुसरा, जोडणारी क्रियापदं. यांना लिंकिंग व्हर्ब म्हणतात. 'दादा शिक्षक आहे.' यात दादा काही करतो का? नाही. 'आहे' हे नुसतं गणितातल्या बरोबरच्या चिन्हासारखं. दादा बरोबर शिक्षक. अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर ही या जातीची. पण बिकम, सीम, कधी कधी टेस्टसुद्धा. 'ताक आंबट लागतंय.' ताक काही चाखत बसलेलं नाही, ते आंबट आहे एवढंच सांगायचंय.

तिसरा, मदतनीस. बी, डू आणि हॅव यांची रूपं; शिवाय कॅन, मे, मस्ट, शुड, विल ही मंडळी. सर म्हणाले, "प्रश्न विचारायचा असला की आपण शेवटी 'का' लावतो. तू येतोस का? इंग्रजीत 'का' नाही. तिथे मदतनीस पुढे येऊन कर्त्याच्या आधी उभा राहतो. 'शी इज कमिंग' चं होतं 'इज शी कमिंग?' आणि वाक्यात मदतनीस नसेलच तर डू, डज, डिड यांना हाक मारायची."

चौथी गंमत नियमित आणि अनियमित क्रियापदांची. वॉकचं वॉक्ड, प्लेचं प्लेड, हे सरळ चालणारे. गोचं वेंट, हे वाकड्यात जाणारे. आम्ही तक्रार केली, "सर, गोचं गोड का नाही? वेंट कुठून आलं?" सर म्हणाले, "आधी मला सांगा, 'बस'चं 'बसला', 'पड'चं 'पडला', मग 'जा'चं 'जाला' का नाही? 'गेला' कुठून आलं?"

आम्ही गप्प! रोज शंभर वेळा म्हणतो, पण कधी मनातही आलं नव्हतं. सरांनी सांगितलं, 'जा' आला संस्कृतातल्या 'या' या धातूपासून आणि 'गेला' आला 'गत' या शब्दापासून. दोन वेगळ्या घरचे शब्द एका क्रियापदात नांदायला आले. इंग्रजीतही तसंच झालं. 'वेंट' हे मुळात 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप. ते 'गो'च्या घरी येऊन राहिलं. आहे की नाही गंमत? हजारो मैलांवरच्या दोन भाषा, आणि दोघींचं एकच क्रियापद वाकड्यात गेलं!

सर म्हणाले, "आपल्याला इंग्रजी अवघड वाटते, तशी त्यांना मराठी वाटते. मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली, मी बोर खाल्लं. खाणारा तोच, पण क्रियापद बदलतं कुणाप्रमाणे? खाल्लेल्या वस्तूप्रमाणे! इंग्रजीत सगळीकडे एकच, 'आय एट.' मग सांगा, अवघड कुणाचं?"

मोठेपणी मी वाचलं की विल्यम कॅरी नावाच्या इंग्रज पाद्र्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण इंग्रजीत छापलं. ते राहायचे बंगालमध्ये, श्रीरामपूरला. आपल्या खाल्ला-खाल्ली-खाल्लंशी त्यांनीही झटापट केली असणार. पुढे १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठी व्याकरणाचं पुस्तक लिहिलं, ते मराठीतून. आणि त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर केली. म्हणजे एका भाषेचा कंदील घेऊन दुसरी भाषा बघायची, हे आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ चाललेलं आहे.

असे दिवस चालले होते. आणि एका तासाला सर टेबलाजवळ उभे राहिले आणि त्यांनी हातातला खडू सोडून दिला. खडू खाली पडला, दोन तुकडे झाले.

"काय झालं?"

"खडू पडला, सर!"

"आणि मी काय केलं?"

"खडू पाडला!"

सरांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं, पडणे, तुटणे, सुटणे, फाटणे, जळणे, मरणे. दुसऱ्या बाजूला, पाडणे, तोडणे, सोडणे, फाडणे, जाळणे, मारणे. म्हणाले, "डाव्या बाजूची क्रियापदं अकर्मक. इंग्रजीत इन्ट्रान्झिटिव्ह. क्रिया आपल्यापाशीच थांबते. उजव्या बाजूची सकर्मक. ट्रान्झिटिव्ह. इथे क्रिया कर्त्याच्या हातातून निघते आणि दुसऱ्या कशावर तरी जाऊन आदळते. ओळखायचं कसं? क्रियापदाला विचारा, 'काय?' किंवा 'कुणाला?' काय पाडलं? खडू. उत्तर मिळालं की सकर्मक. काय पडलं म्हणाल तर तो कर्ताच झाला, कर्म नाही."

मग म्हणाले, "'देणे'सारख्या एखाद्याला दोन-दोन कर्मं लागतात. मायनं मला भाकर दिली. काय दिली? भाकर. कुणाला दिली? मला. इंग्रजीत 'गिव्ह'चं असंच आहे."

"आता खरी मेख इथे आहे," सर म्हणाले. "मराठीत दोन बाजूंना दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीतही काही जोड्या आहेत. फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे झाड पाडणे. राइज म्हणजे वर येणे, रेज म्हणजे वर करणे. पण पुष्कळदा तिथे एकाच शब्दावर दोन्ही कामं भागतात. शब्द बघून कळत नाही, वाक्य बघावं लागतं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तू ऊठ. फुटणे आणि फोडणे, दोन्हीला ब्रेक. भूतकाळ ब्रोक. 'काच फुटली,' सांग बघू."

"द ग्लास ब्रोक," मी म्हणालो.

"बरोबर. आता उजव्या बाजूला ये. कुणी फोडली?"

सरांना काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त एक वाक्य हवं होतं. पण माझ्या कानात सूं-सूं आवाज सुरू झाला, गॅसबत्तीसारखा. मला ती काच दिसली, टेबलावरच्या घडी केलेल्या नोटा दिसल्या.

"आय..." मी म्हणालो आणि पुढे शब्दच फुटेना.

सरांना वाटलं, मला येत नाही. "बस खाली," ते म्हणाले. "आय ब्रोक द ग्लास. सोपं आहे."

मुलांनो, त्यानंतर मी इंग्रजीची पुष्कळ अवघड वाक्यं शिकलो. पण त्या चार शब्दांएवढं अवघड वाक्य मला पुन्हा भेटलं नाही. तोवर मला वाटायचं, व्याकरण म्हणजे मार्कांसाठी पाठ करायची गोष्ट. त्या दिवशी कळलं की क्रियापद हा वाक्यातला साक्षीदार आहे. काय झालं, हे तो सांगतो. आणि कुणी केलं, हे त्याला सांगू द्यायचं की नाही, ते आपण ठरवतो.

शनिवारी शाळा सकाळची असे. सुटल्यावर मी गावाकडे निघालो, घरी न जाता सरळ आखाड्यावर गेलो. मित्र बैलांना कडबा टाकत होता. मला बघून हसला. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "ती काच मी फोडली होती."

तो कडबा टाकत राहिला. मग म्हणाला, "मला म्हाईत व्हतं."

"तुला माहीत होतं?"

"तुझा हात वला व्हता की. घोंगडी हातरताना बघितलं म्या."

"मग गुरुजींना सांगितलं का नाहीस?"

"तू 'फुटली' म्हनलास. मला वाटलं, तू सांगशील थोड्या येळानं."

मला रडू आलं. तो थोड्या वेळाची वाट बघत होता आणि मी वर्षभर लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गुरुजींच्या घरी गेलो. या वेळी मी उजव्या बाजूचं क्रियापद वापरलं. गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चूक माझीबी हाय. मी पाळी कुणाची ते इचारलं, फोडली कुणी ते धरून बसायला पायजे होतं." संध्याकाळी ते मित्राच्या घरी जाऊन पैसे देऊन आले. माझ्या स्कॉलरशिपच्या पैशांतून मी ते गुरुजींना फेडले.

पैसे परत देता येतात. पण सातवीची परीक्षा परत देता येत नव्हती. ते मी तेव्हाही जाणून होतो आणि आजही विसरलेलो नाही.

मग मी एक केलं. दर शनिवारी-रविवारी सरांनी शिकवलेलं सगळं मी आखाड्यावर जाऊन मित्राला शिकवू लागलो. फळा नव्हता, कोळशाने गोठ्याच्या भिंतीवर लिहायचो. त्याला एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. उलट तोच मला अडवायचा.

एकदा मी त्याला 'आय अ‍ॅम रायटिंग, आय अ‍ॅम ईटिंग' शिकवत होतो. त्याने विचारलं, "मग 'मला माहीत आहे' म्हंजे 'आय अ‍ॅम नोइंग' व्हय?"

मला उत्तर येईना. सोमवारी सरांना विचारलं. सर म्हणाले, "त्यालाच विचार, तुमच्या बोलीत 'मला माहीत व्हायलंय' असं कुणी म्हणतं का?" नाही म्हणत! कारण माहीत असणं ही घडत असलेली क्रिया नाही, ती स्थिती आहे. नो, लाइक, वाँट, बिलाँग ही क्रियापदं अशी स्थिती दाखवणारी. त्यांना सहसा आयएनजी लागत नाही. 'आय नो.' भूतकाळी 'आय न्यू.'

मित्राला हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ विचार करत बसला. मग हळूच म्हणाला, "आय न्यू." आणि हसला. मला म्हाईत व्हतं!

पुढे त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीची परीक्षा दिली. पहिल्या खेपेला बाकी सगळे विषय निघाले, इंग्रजी राहिलं. ऑक्टोबरला पुन्हा बसला आणि काठावर सुटला. निकालाचा कागद घेऊन तो जिंतूरला मला शोधत आला होता. आज तो शेती करतो, स्वतःची. त्याच्या लेकीने परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली. तिथलं शिक्षण इंग्रजीतून. तिची पहिली इंग्रजीची शिकवणी कुणी घेतली, ते सांगायला हवं का? तिच्या बापाने!

मी इंग्रजीचा शिक्षक झालो. दरवर्षी वर्गात एकदा तरी मी हातातला खडू मुद्दाम सोडून देतो.

आता तुमच्यासाठी एक काम. एक कोरी वही घ्या. पानावर मधोमध रेघ मारा. आठवडाभर घरात, शेतात, बाजारात, एसटीत जी क्रियापदं ऐकू येतील, ती 'काय?' आणि 'कुणाला?' विचारून त्या-त्या बाजूला लिहा. तुमच्या आजीच्या तोंडचे शब्द तर जरूर लिहा. तिचा शब्द अशुद्ध आहे असं समजू नका. मग प्रत्येकासमोर इंग्रजी क्रियापद लिहून बघा, तिथे दोन शब्द आहेत की एकच. वर्तमानपत्रही वाचा. 'रस्ता खोदला गेला', 'झाडं तोडली गेली' अशी वाक्यं सापडतील. क्रियापद सकर्मक, पण कर्ता गायब! इंग्रजीतही असंच करता येतं, 'द ग्लास वॉज ब्रोकन.' असं वाक्य दिसलं की पेन्सिलीने समोर लिहा, 'कुणी?'

आणि आई-बाबांना एक विनंती. पोर येऊन "बशी फुटली" म्हणालं, तर लगेच हात उगारू नका. थोडं थांबा. डाव्या बाजूवरून उजव्या बाजूला यायला त्याला वेळ लागतो. भीती वाटली तर ते डावीकडेच राहील.

आणि तुम्ही मुलांनो, तुम्ही मात्र फार वेळ लावू नका. समोर कुणीतरी वाट बघत असतं.